डावीकडे मोकळं

— नाही हो, ते भोक राहणार नाही, ते तुम्ही डोक्यातून काढूनच टाका. हा बघा, पत्र्याचा तुकडा कापूनसुद्धा ठेवलाय मी, त्या पिंपावर — वेल्डिंग मारायचं, घासायचं, पुट्टी भरायची, वरून रंग. पुढच्या वेळी याल तेव्हा तुम्हालाच सापडणार नाही कुठं होतं ते. गोगलगाईच्या शंखाला भोक कसं चालेल, आणि तेसुद्धा असं तिरकं, वेडंवाकडं, बरोबर वेटोळ्याच्या मधोमध? तुमच्या हॉटेलच्या दारात ही गोगलगाईची गाडी उभी राहणार, दिवे लागणार, लोक फोटो काढणार, आणि सगळ्यांची नजर पहिली तिथंच जाणार. तुमचीही गेलीच की, शटरमधून वाकून आत आलात आणि आधी भोकच दिसलं. बसा ना, त्या स्टुलावर बसा, फडकं टाकलंय, पँटला ग्रीस लागणार नाही. टेप राहू दे हातात, मापं नंतर घ्या.

चालते का म्हणता? विचारा, विचारा, सगळे हेच विचारतात. माणूस आमची गाडी बघतो, आधी हसतो, भोवती एक चक्कर मारतो, आणि मग आवाज खाली आणून विचारतो — खरंच चालते का ही? जशी काही आम्ही चोरीच करतोय. तर ऐका. या शेडमधून बाहेर पडलेली प्रत्येक गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली. बुटाच्या आकाराची गेली, लिंबू गेलं, कपड्याची इस्त्री गेली — इस्त्री तर मागून वाफ सोडत गेली, तो माझा उद्योग, रेडिएटरला एक पाइप जोडला होता. पत्र्याचं सगळं धाकट्याचं आणि इंजिनाचं सगळं माझं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याला बाकी काही नाव असेल असं गिऱ्हाइकांना कधी वाटलंच नाही, मी धाकटा म्हणायचो तर सगळेच धाकटा म्हणायचे, त्याच्यापेक्षा लहान पोरंसुद्धा. हातोडी घेऊन बसला की पत्रा त्याच्याशी बोलायचा जणू. सपाट पत्र्यातून लिंबाची साल उठवायचा, ते बारीक बारीक खड्डे असतात ना सालीला, तेसुद्धा. आणि गंमत सांगू? त्याला गाडी चालवता येत नव्हती. अजिबात. एकदा शिकवायला बसवला तर क्लच सोडताना डोळेच मिटून घेतले, म्हणाला, दादा, हे तुझं काम, मी आपला शेजारी बसतो.

आणि बसायचाच. बसावंच लागायचं, ते कसं ते सांगतो. आता बूट घ्या. बुटात चालवणारा बसतो टाचेपाशी, उजवीकडे, आणि पुढं तो एवढा मोठा पंजा, लेस, जीभ — डावीकडचं दिसतंय काय? काही नाही. लिंबात तर त्याहून वाईट, डावीकडे नुसतं पोट. साध्या गाडीला चारी बाजूंनी काचा असतात, आमच्या गाड्यांना आकार असतो, आणि आकार म्हटला की माणूस आंधळा. म्हणून मी चालवायचो आणि हा डावीकडे बसून, एका फटीतून मुंडी बाहेर काढून ओरडायचा — डावीकडे मोकळं… मोकळं… मोकळं… थांब, कुत्रं आहे… मोकळं. प्रदर्शनाच्या मैदानात आम्ही फेरी मारायचो तेव्हा लोकांना वाटायचं हा काहीतरी गाणं म्हणतोय. मी मान तिरकी करून चालवायचो, तशी मला खोडच आहे, स्टिअरिंग हातात आलं की मान उजव्या खांद्यावर पडते, आमची ही सारखी टोकते त्यावरून, आणि धाकटा म्हणायचा, दादा, तुला सरळ रस्ता कधी दिसलाय का, तुला तर अख्खं जग उतरणीला लागलेलंच दिसत असणार. असा होता. तोंडानं फटकळ, पण तो 'मोकळं' म्हणाला की मी डोळे झाकून गाडी घालायचो. म्हणजे झाकलेलेच होते म्हणा.

म्हणजे चालते का तर चालते, पण दोघांनी. हे कुणी ऐकूनच घेत नाही. बूट एका चपलांच्या दुकानदारानं घेतला. त्याला बजावून सांगितलं, अहो, डावीकडे माणूस बसवा. तो म्हणाला, मी वीस वर्षं गाडी चालवतोय. गेला एकटा, आणि आमच्याच फाटकाच्या डाव्या खांबाला पंजा ठोकला. दुसऱ्या दिवशी निरोप आला — शोभेची वस्तू आहे, चालत नाही. धाकट्याला किती लागलं ते. जेवला नाही नीट. मग त्या माणसानं इंजिन काढून विकून टाकलं आणि बूट दुकानासमोर ठेवला, चाकंसुद्धा काढली, विटांवर. आता त्याच्यात पाणी साठतं. एक मांजर पिल्लं घालते. आम्ही त्या रस्त्यानं जायचो तेव्हा धाकटा समोरच्या बाजूला तोंड फिरवायचा आणि कायतरी वेगळंच बोलत राहायचा, त्या दुकानाची पाटी बघ, त्या खांबाचा रंग बघ.

नाही, तुमच्या हॉटेलबद्दल नाही बोलत मी. तुम्ही सावलीत ठेवणार आहात, चांगलंच आहे. इंजिन काढणार का? …हां. तेल गळतं, फरशी खराब होते, बरोबर आहे. बघू ते.

मी त्याला प्रत्येक गाडीच्या वेळी सांगायचो, अरे बाबा, डावीकडे एक खिडकी पाड. तळहाताएवढी पाड. चालवणाऱ्याला चाक दिसलं, रस्त्याची कड दिसली की पुरे. तर हातोडी खाली ठेवायचा आणि माझ्याकडे असं बघायचा, मी त्याच्या पोरीच्या गालाला भोक पाडायला सांगतोय जसा. लग्न केलंच नव्हतं त्यानं, पोरगी कुठली. म्हणायचा, लिंबाला खिडकी असते का? बुटाला असते का? आणि तुला कशाला पाहिजे खिडकी — मी आहे ना डावीकडे. प्रत्येक गाडीला हे भांडण ठरलेलं, आणि प्रत्येक वेळी शेवट तोच. मी आहे ना डावीकडे.

मग ही. हिच्या वेळी त्यानं मधे ताडपत्री टांगली, इथून तिथपर्यंत, आणि म्हणाला, दादा, या वेळी तू हात लावायचा नाहीस, इंजिनसुद्धा मीच बसवतो. मी हसलो. ज्याला स्टार्टर आणि डायनामो वेगळे ओळखता येत नाहीत तो इंजिन बसवणार. म्हटलं बसव, हौस आहे तर बसव, नाही जमलं की येशीलच दादा दादा करत. खोकला होता त्याला तेव्हा. रंगाच्या वासानं होतो आमच्या धंद्यात, आम्ही दोघंही खोकायचो, कोण कुणाला विचारणार? मधेमधे काम थांबायचं पलीकडचं, हातोडीचा आवाज बंद व्हायचा, मला वाटायचं विचार करत बसला असेल, तसा तो बसायचा तासन्‌तास आकाराचा विचार करत. त्याला माहीत होतं. डॉक्टरनं त्याला सगळं सांगितलं होतं, आम्हाला मागाहून कळलं. शेवटी दवाखान्यात नेला तेव्हा हाताची बोटं अशी थरथरत होती, पाण्याचा पेला धरता येईना. आणि मी विचारतोय काय, तर गाडी कुठवर आली रे? म्हणाला, झाली. म्हटलं रंग? म्हणाला, झाली म्हटलं ना, दादा.

आलो घरी त्याचं सगळं उरकून. बऱ्याच दिवसांनी ताडपत्री काढली. तर ही. आणि हे भोक. शंखाचं वेटोळं बघा, एक तरी हातोडीचा घाव दिसतोय का? हात फिरवून बघा, काचेसारखं आहे. आणि त्याच्या मधोमध हे. मी इथंच बसलो, तुम्ही बसलाय तिथं. मनात आलं, सुटला हात. शेवटी शेवटी ग्राइंडर धरवला नसेल, सरकला असेल, आणि लाज वाटून मला सांगितलं नाही. म्हणून मला ते बुजवायचंय. तुमच्यासाठी नाही, खरं सांगतो — उद्या कुणी हॉटेलात बघून म्हणायला नको, याचा हात गेला होता. त्याचा हात गेला नव्हता. आजारी होता तो.

विकायची ना? विकायचीच आहे. फोन आमच्या हिनंच केला तुम्हाला. ती म्हणते, ते धूड दारातून हलल्याशिवाय तुम्ही माणसात येणार नाही. खोटं नाही म्हणत ती. सकाळी येतो, शटर उघडतो, फडकं मारतो, बॅटरी चार्जिंगला लावतो, काढतो, परत शटर. दुसरं काम घेतलेलंच नाही वर्षभर.

आं? सुरू करून? आत्ता?

…अहो, तशी सुरू होतेच ती. म्हणजे व्हायला हवी. बॅटरी भरलेली आहे, तेल मी बदललंय, पेट्रोल आहे. इंजिन एकदाच नीट न्याहाळून बघितलं मी, एका पाइपाला क्लिप उलटी लावलीय त्यानं, मी असतो तर तशी लावली नसती. पण नाही काढली. त्याच्या हातची आहे. नाही, चावी फिरवली नाही मी. कधीच नाही. मघाशी मी म्हणालो प्रत्येक गाडी चालते, ते खरंच आहे, पण ही — हिचं मला माहीत नाही. फिरवली आणि नाही सुरू झाली तर काय करू सांगा? त्यानं एकट्यानं केलेलं शेवटचं काम, आणि ते शोभेचं निघालं तर? आणि झाली सुरू, तर मग कुणाला घेऊन जाऊ? आतसुद्धा बसलेलो नाही मी. बाहेरूनच पुसतो. एकच सीट आहे आत, दुसरी बसवायची राहून गेली असणार.

नाही, तुमचं बरोबर आहे, विकायची वस्तू दाखवायला नको का? थांबा. हे दार वर उचलायचं असतं वाटतं — हां. गुडघा बघा कसा कुरकुरतो. बसतो. …पेडलं बरोबर पायाला लागतात की. धाकटा माझ्या खांद्याला लागायचा, त्याचे पाय इथवर पोचलेच नसते. पाठही बरोबर टेकते. इथं शेजारी — नाही, इथं सीट बसवायची राहून गेलेली नाहीये. इथं पत्रा आहे, रंगवलेला, पक्का. बसवायची जागाच ठेवली नाही त्यानं.

थांबा जरा. बोलू नका.

तुम्ही पिंपापाशी उभे आहात ना? तुमचे बूट दिसतायत मला. टेप दिसतेय हातातली. आतून दिसतंय, त्या भोकातून. पुढचं डावं चाक दिसतंय, पूर्ण, आणि शटरचा खांब, खालपासून. बाहेरून तिरकं आहे ते, मी तिरकंच म्हणालो ना तुम्हाला. इथून सरळ आहे. मान खांद्यावर टाकली ना माझी, जशी पडते तशी, की अगदी सरळ आहे, डोळ्यासमोर, चौकट मापात. आणि कड… हात लावून बघतोय मी, आतली कड दुमडलीय. दुमडून घासलीय. हाताला लागू नये म्हणून. सुटलेल्या हातानं असं होत नाही हो. याला किती दिवस लागले असतील, त्या थरथरत्या बोटांनी. त्यानं पाडली खिडकी. जन्मभर नाही म्हणाला आणि पाडली, त्या गुळगुळीत वेटोळ्यात पाडली, आणि मी वर्षभर बाहेरून बघत बसलो, पत्रा कापून ठेवला.

नाही, मी ठीक आहे. त्या तुकड्याला हात नका लावू, असू दे तिथंच.

तुमचा वेळ घालवला मी, राग मानू नका. गाडी द्यायची नाही मला. आमच्या हिला मी सांगेन काय ते, तुम्ही फोन करू नका. सुरू झाली तर झाली, नाही झाली तर उतरून बघेन, इंजिनाचं काम नेहमी माझंच होतं. तुम्ही शटर तेवढं पूर्ण वर ढकला, अर्ध्यातून नाही जायची ही. हां, आणखी वर. आता बाजूला व्हा.

नको, तुम्ही नका सांगू मोकळं आहे की नाही. भले माणूस आहात, पण नको. दिसतंय मला. जा तुम्ही.