सात नंबरचा आलेख

(वागळे इस्टेटमधली एक छोटी प्रयोगशाळा. दुपारचे तीन.)

सलिल : काढू नकोस पट्टी. लिओना, प्लीज, हात इकडे कर.

लिओना : अरे बाबा, पाचवी आहे ही! तुझी डिझाइनच फालतू. घामातून स्ट्रेसचा हार्मोन मोजते म्हणे! बाकी अकरा जणांचा आलेख सकाळी वर चढतो आणि सात नंबर, म्हणजे मी, आपली आडवी.

सलिल : मीपण तेच धरून बसलेलो. पट्टी नीट चिकटत नाही, फिल्म दुमडते, तार तुटली असेल. सगळं बदलून झालं.

लिओना : मग सहावी लाव आणि सोड मला. चार वाजता डेमो आहे आणि माझं डोकं गरगरतंय.

सलिल : तुझी चौथी पट्टी सकाळपासून माझ्या हातावर आहे. हे बघ.

लिओना : अरे, चालतेय की!

सलिल : मस्त चालतेय. म्हणूनच फाटलीये माझी. पट्टीत काही खराबी नाही गं. बहुतेक तुझ्या अंगातच तो हार्मोन बनत नाहीये.

लिओना : चल! म्हणजे मला टेन्शनच नाही. मम्मीला सांगते, खूश होईल.

सलिल : हसू नकोस. उलट्या किती झाल्या?

लिओना : दोनच. कालपासून ताप आहे ना, म्हणून.

सलिल : आणि ते मिठाचं? डब्यातली कैरी संपली की तळाचं मीठ चाटतेस.

लिओना : आजोबांचं मिठागर होतं माझ्या. रक्तातच आहे ते.

सलिल : तेच बोलून आम्ही चिडवत बसलो तुला. मूठ उघड.

लिओना : कशाला?

सलिल : उघड ना. बघ, रेषा काळ्या पडल्यात.

लिओना : उन्हाने रे. मम्मी रोज बेसन लावते.

सलिल : तळहाताला ऊन लागतं? आत्ता आपल्या टेस्टिंगच्या डॉक्टर देवयानींना फोन केलेला मी. म्हणाल्या, नुसत्या पट्टीवरून काही ठरत नाही, पण ताप, उलट्या, चक्कर असं सगळं असेल तर लगेच इमर्जन्सीत न्या. तापात शरीराला तो हार्मोन जास्त लागतो. नसला तर बीपी एकदम पडतं, आणि माणूस...

लिओना : माणूस काय?

सलिल : खाली रिक्षा उभी केलीये. चल.

लिओना : सलिल, माणूस काय?

सलिल : दोन आठवडे, लिओना. रोज तुझे आकडे मी खराब म्हणून काढून टाकत होतो. रोज!

लिओना : ए, रडू नको रे. हात दे. उठते मी.

सलिल : धर मला. सावकाश ऊठ.

लिओना : थांब. आत्ताचा आकडा सांग.

सलिल : राहू दे ना.

लिओना : सांग.

सलिल : खालीच आहे. तसाच.

लिओना : पण मला खूप भीती वाटतेय रे.