घडीचा कंदील

सत्त्याण्णव साली कोल्हापूरच्या स्टँडवर मुरगूडच्या गाडीच्या रांगेत माझ्या पुढं एक मास्तर आणि एक म्हातारी होती. मास्तरांनी पिशवीतून पत्र्याची चपटी पेटी काढली.

"बघा आजी, उघडली की कंदील, मिटली की खिशात! लढाईतला हाय, अभ्रकाच्या खिडक्यासुद्धा शाबूत!"

"असला माझ्या घरात हाय की."

"काय सांगताय! घडीचा?"

"व्हय. आमच्या मालकांनी बर्माच्या लढाईतनं आणलता. आत मेणबत्ती लावायची."

"अबाबाबा! सात वर्षं हिंडतोय, तवा कुठं हा एक घावला! आजी, तळाला नंबर हाय का? फौजी आपला नंबर खिळ्यानं कोरायचे."

"हुता. आता न्हाय."

"का?"

"दर खंडेनवमीला पुजायच्या आधी चिंच आन् राख लावून घासतो की. पन्नास वर्षं झाली. तोंड दिसतंय बघा त्यात!"

"आजी, काय केलंसा हे! आता कुणाचा कंदील ते कळायचं कसं? बरं, मालकांचं नाव तरी सांगा, लिहून ठेवतो."

"नाव कसं घिऊ? आजवर घेतलं न्हाय."

"मग हो?"

"नंबर घ्या की. मला कुठं लिवता येतंय? लढाईत पत्र धाडताना लिवणाऱ्याला नंबरच सांगायची. काढा पेन."

"सांगा, सांगा!"

"सात, दोन, शून्य, चार, नऊ. नीट लिवा मास्तर, एक आकडा चुकला तर त्यांना पोचत न्हाय."