मेहुण्याचा बारा बटणांचा माऊस

आणि दिला कुणाला, तर माझ्या मेहुण्याला. ज्याला पेन्सिलीला टोक कसं करायचं ते मी शिकवलं, ज्याला या कारखान्यात मी चिकटवला, त्या माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाला. खोक्यातून काढला, फडक्याने पुसला आणि ठेवला त्याच्या टेबलावर. माझं टेबल शेजारीच, मधे फक्त ड्रॉइंग छापणाऱ्या प्लॉटरची कागदाची गुंडाळी. मी तिथेच बसलेलो. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

तुम्हाला सांगतो, माऊस म्हणजे काय असतो? दोन बटणं, मधे एक चाक. बस्स. त्यावर जगभराची ड्रॉइंगं निघाली. याच्या माऊसला बारा. दोन वर, दहा कुशीला, अंगठ्याच्या खाली, कणसाच्या दाण्यासारखी दाटीवाटीने. आणि प्रत्येक बटणाला काम नेमून द्यायचं. हे दाबलं की रेघ, ते दाबलं की वर्तुळ, हे दाबलं की पुसणं. म्हणजे माणसाने डावा हात काय करायचा? खिशात घालायचा?

जळलो मी. लपवत नाही. या वयात खोटं कुणासाठी बोलायचं?

माझं शिक्षण सातवी. वीस वर्षं फळ्यावर ड्रॉइंग काढलं, टी-स्क्वेअर आणि गुण्या घेऊन. मग कॉम्प्युटर आला, बरोबरीचे सगळे म्हणाले आता आपलं संपलं, मी म्हणालो संपेल त्याचं संपेल, आणि बसलो शिकायला. एल म्हणजे रेघ. सी म्हणजे वर्तुळ. टी आर म्हणजे छाटणं. एम आय म्हणजे आरशात फिरवणं. माझं इंग्रजी तेवढंच, एक-एक दोन-दोन अक्षरांचं, पण त्या अक्षरांवर माझा डावा हात असा पळतो की शेजारच्याला वाटावं पत्र्यावर गारा पडताहेत. बावीस वर्षं पळतोय. आणि प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकटी असतात बघा, एक 'काढणार', एक 'तपासणार', त्यातली 'तपासणार'ची चौकट बावीस वर्षं माझी. माझी सही असल्याशिवाय कागद खाली शॉपमध्ये जात नाही. पत्रा कापणारा आधी सही बघतो, मग माप बघतो. सातवी शिकलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

तर मालकांच्या सूनबाई आल्या. शिकलेल्या आहेत, कामाच्या आहेत, नावं ठेवायला जागा नाही. घड्याळ घेऊन आल्या. मोबाईलमधलं, ते सुरू करायचं आणि थांबवायचं असतं ते. म्हणाल्या, "काका, एक महिना बघू. यांना हा माऊस देते, तुमचा तुमच्याकडे. काम खरंच लवकर होतं का ते कळेल. पुढच्या महिन्यात ड्रॉइंग-रूमला एकच प्रमुख ठेवायचाय. नवीन पद्धत ज्याला जमेल तो प्रमुख, तपासणीची सही त्याची."

मी म्हणालो, "नवीन पद्धत जमायला नवीन माऊस माझ्याकडे नको का?"

म्हणाल्या, "काका, तुमचा कीबोर्डवरचा हात बसलाय हो. तुम्हाला कशाला त्रास?"

त्रास. म्हणजे बघा, माझी काळजी करून मला शर्यतीतून काढला. कुणावर चिडायचं?

घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. बहीण-भावाचा फोन. ही म्हणते, "अहो, बारा बटणं आहेत म्हणे त्याच्या माऊसला."

मी म्हणालो, "आहेत."

"आणि तुमच्या?"

"दोन."

"दोनच?" असं म्हणाली, जसं काही मी दोनच दात घेऊन घरी आलोय. मग माझ्या सदऱ्याकडे बघून म्हणाली, "बारा बटणं तर तुमच्या सदऱ्यालासुद्धा नाहीत."

पहिला आठवडा मजेत गेला. माझा, म्हणजे. मेहुणा रेघ काढायला जायचा, वर्तुळ निघायचं. पुसायला जायचा, सगळं दुप्पट व्हायचं. बटणांची नावं बारक्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलेली, एक नजर चिठ्ठीकडे, एक अंगठ्याकडे, ड्रॉइंगकडे बघायला तिसरा डोळा कुठून आणणार? सूनबाईंच्या घड्याळात एका ड्रॉइंगला माझी चाळीस मिनिटं, त्याची चोपन्न. मी काय केलं? फक्त त्याला चहा पाजला. स्वतःहून.

दुसऱ्या आठवड्यात तो पंचेचाळीसवर आला. तिसऱ्यात सदतीसवर.

सदतीस. माझी चाळीस. तीन मिनिटं हो, तीन मिनिटांत काय होतं? पण सूनबाईंनी पाटीवर लिहिलं ना, निळ्या खडूने, सगळ्या शॉपला दिसेल असं. शॉपमधला फिटर पाणी प्यायला वर येतो, पाटी वाचतो, माझ्याकडे बघतो आणि पाणी न पिताच जातो. आता खरं सांगू का, रेघ काढायला वेळ लागतच नाही. कुठे काढायची हे ठरवायला लागतो. तो वेळ ना माझ्या दोन बटणांत आहे ना त्याच्या बारांत. हे मी बोलून दाखवलं असतं, पण हरणाऱ्याने बोललं की ते कारण होतं आणि जिंकणाऱ्याने बोललं की ते ज्ञान होतं.

वर मेहुणा काय म्हणतो? "दाजी, वेळेचं सोडा हो. माझं मनगट दुखायचं ना, ते थांबलं." इतक्या प्रेमाने सांगितलं. आणि माझं मनगट त्या क्षणापासून दुखायला लागलं.

जळलो मी. आतून, भाकरी करपावी तसा.

आता पुढचं ऐका, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली जातात. मी डबा पाच मिनिटांत संपवतो, सवय आहे. वर आलो की ड्रॉइंग-रूममध्ये कुणी नाही. पहिल्या दिवशी नुसता हात ठेवून बघितला. नुसता. उबदार होता... मेहुण्याच्या हाताची ऊब. दुसऱ्या दिवशी कोरं पान उघडलं, एक रेघ काढली, लगेच पुसली. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी पाठ केली. नऊ दिवस, तुम्हाला सांगतो, नऊ दिवस रोज वीस मिनिटं मी चोरून त्या माऊसवर हात बसवला, या वयात, जिन्यात पाऊल वाजलं की उठून खिडकीशी उभा राहायचो, जसा काही हवा खातोय. आणि मला तो आला. सुरेख आला. पण सांगणार कुणाला?

दहाव्या दिवशी गेलो तर मेहुण्याने त्याचं चालू काम तसंच उघडं ठेवलेलं. दवाखान्यातल्या पलंगाला कठडा असतो ना, पेशंट पडू नये म्हणून, त्याचं ब्रॅकेट, कठडा पलंगाला धरून ठेवणारा पत्रा. उजव्या बाजूचं. डाव्या बाजूचं जुनंच होतं, उजव्याला सलाईनच्या काठीची खोबण हवी होती म्हणून हे नवीन काढलेलं. आणि अंगठ्याखालच्या सातव्या बटणावर त्याने कालच काहीतरी नवीन बसवलेलं, चिठ्ठीत नव्हतं. आता चिठ्ठीत नाही म्हटल्यावर माणूस काय करेल? दाबलं.

चित्र जागच्या जागी जरासं हललं. म्हणजे मला वाटलं माझीच पापणी फडफडली. बाकी काही नाही. आकडे जिथल्या तिथे, रेघा जिथल्या तिथे. तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजलं, मी घाईत उठताना अंगठा शेजारच्या बटणावर पडला, ते आठवं, ते मला पाठ होतं. सेव्ह.

आणि मी खिडकीशी. हवा खात.

दुपारी ते ब्रॅकेट छापून माझ्याकडे तपासायला आलं. आता मी ते कसं तपासलं असेल सांगा. मेहुण्याचं ड्रॉइंग, पाटीवर सदतीस लिहिलेलं, आणि महिना संपायला सहा दिवस. भिंग घेतलं. एकेक माप पट्टीवर मोजलं. भोकांची अंतरं बेरीज करून ताडून बघितली. खोबणीचा कोन दोनदा बघितला. मनात एकच, एखादी चूक सापड बाबा, एक मिलिमीटरची तरी सापड. नाही सापडली. बिनचूक ड्रॉइंग. दात ओठ खाऊन सही केली.

चार दिवसांनी फिटर वर आला. हातात तयार ब्रॅकेट. खाली साठ कापून, वाकवून, भोकं पाडून झालेली. म्हणाला, "काका, कठडा लावून बघितला. बाहेर पडायच्या ऐवजी गादीवर पडतोय. आणि सलाईनची काठी पेशंटच्या नाकासमोर येतेय. पेशंटला बरं करायचंय का पकडून ठेवायचंय?"

मी ब्रॅकेट हातात घेतलं, फिरवलं, आणि मला कळलं. सातवं बटण. एम आय. आरसा. मेहुणा दिवसभर डाव्या-उजव्या जोड्या काढतो, म्हणून त्याने एकाच बटणात तिन्ही बसवलेलं, सगळं निवड, आरशात फिरव, जुनं पूस. उजवं ते डावं झालं. आणि मापं? आरशात बघितल्यावर तुमच्या नाकाची लांबी बदलते का? एकही माप बदललं नाही. मी भिंग घेऊन नाकच मोजत बसलो आणि चेहरा उलटा आहे हे बघितलंच नाही.

फळ्यावर हे झालं नसतं हो. तेव्हा ट्रेसिंगचा कागद उलटा धरला की अक्षरं उलटी दिसायची, आंधळ्यालाही कळायचं. कॉम्प्युटरमध्ये चित्र उलटतं, अक्षरं शहाण्यासारखी सरळ राहतात. या एका गोष्टीसाठी मी त्या बारा बटणांना मानतो बघा. एवढी चूक हाताने करायची म्हणजे मला दोन दिवस लागले असते. इथे डोळ्याचं पातं लवायच्या आत. वेग वाढतो, कोण नाही म्हणतं?

सूनबाई आल्या. ब्रॅकेट टेबलावर ठेवलं. ओरडल्या नाहीत. न ओरडणारं माणूस फार वाईट असतं. म्हणाल्या, "कसं झालं?"

मेहुणा उभा राहिला. चेहरा पिठासारखा. म्हणाला, "माझ्याच हातून झालं असणार. सातवं बटण चुकून दाबलं गेलं असेल. दाजींकडे काही बोलू नका, त्यांनी मापं बघितली, मापं बरोबरच होती."

मला वाचवत होता. मला. मी महिनाभर त्याच्या नावाने करपतोय आणि हा मला वाचवतोय. मी म्हणालो, "बटण मी दाबलं."

सूनबाई हसल्या. गोड हसल्या. म्हणाल्या, "काका, किती मोठं मन तुमचं. मेहुण्याला पाठीशी घालताय. पण तुम्हाला तो माऊस येत नाही, मला माहीत आहे."

आता बघा. इथे माझा सगळा प्रश्न सुटला होता. गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? मोठं मन माझं, सही माझी, चौकट माझी. मेहुण्याची चूक, ती त्याने स्वतःच कबूल केलेली. बायकोनेसुद्धा दोन दिवस कौतुकाने वाढलं असतं. फक्त गप्प बसायचं होतं.

पण सूनबाई म्हणाल्या, तुम्हाला येत नाही.

मी मेहुण्याच्या खुर्चीत बसलो. म्हणालो, "घड्याळ लावा." आणि कोऱ्या पानावर ते ब्रॅकेट काढलं, पहिल्या रेघेपासून, उजवं. अंगठा असा पळाला, असा पळाला, चिठ्ठीकडे एकदासुद्धा बघितलं नाही. शेवटी सातवं दाबून डावं करून दाखवलं, परत सातवं दाबून उजवं करून दाखवलं. "असं झालं," म्हणालो, "आणि मग घाईत आठवं."

तेहतीस मिनिटं. फिटर तोवर तिथेच उभा.

मेहुणा म्हणाला, "दाजी, एवढं येतं होय तुम्हाला? मला महिना लागला." मनापासून म्हणाला. त्याला जळता येत नाही, तेवढं मी त्याला शिकवलेलं नाही.

सूनबाईंनी घड्याळ बंद केलं. म्हणाल्या, "काका, जी चूक तुम्ही स्वतः केलीत ती तुम्हालाच भिंगातून दिसली नाही. तपासणी यापुढे हे करतील. तुमचा हात मात्र कुणाला येणार नाही. ड्रॉइंग तुम्ही काढा, हा माऊस तुम्ही घ्या."

यात खोडायला एक शब्द सापडेल का? मी शोधला. नाही सापडला.

झालं. माऊस माझ्या टेबलावर आला. मेहुणा खिडकीजवळ गेला, प्रमुख झाला, पेन घेऊन बसतो. माझं ड्रॉइंग त्याच्याकडे जातं. तो प्रेमाने बघतो, आधी उजवं-डावं बघतो, मग मापं बघतो, मग त्या चौकटीत सही करतो. सहीसुद्धा अशी लांबलचक की चौकटीबाहेर जाते. आणि ही काल विचारते, "अहो, आता तर बारा बटणं तुमच्याकडे आहेत. मग तोंड का असं?"

तिला काय सांगू? बाराच्या बारा दाबून बघितली. सही एकातूनही होत नाही.