मागचा दिवा

मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न टाकतो. ज्या माणसाला आयुष्यात कुणाचं काही लागलं नाही, कुणाला 'जरा ये रे' म्हणावं लागलं नाही, तो माणूस श्रीमंत म्हणायचा की गरीब?

पुढच्या रांगेतले काका 'श्रीमंत' म्हणाले. म्हणू द्या. काका, उत्तर जपून ठेवा, शेवटी मागणार आहे!

तर बांबवड्याच्या बाजूला एक हणमंत आवटी होते. स्टँडवर सगळे त्यांना नाना म्हणत. काळीपिवळी जीप होती, तिच्यावर पोट. माणूस स्वच्छ, वक्तशीर आणि ताठ. आता काळीपिवळीला दरवर्षी पासिंग असतं. सरकारी साहेब गाडी तपासतो, रस्त्यावर चालवायला ती धड आहे असं ठरवतो, मग वर्षभर पॅसेंजर भरायचे. स्टँडवर एक रीत होती. कुणाचं पासिंग आलं की बाकीचे आदल्या दिवशी जमायचे. एकाची स्टेपनी चांगली, दुसऱ्याकडं आग विझवायची बाटली, तिसरा हॉर्न वाजवून बघतो — वरातच म्हणा ना. पासिंगपुरती गाडी नवरी, आणि अर्धे दागिने उसने!

मृदंगवाले दादा, हसू नका. तुमच्या अंगावरचा सदरा कुणाचा, ते मला ठाऊक आहे.

नाना मात्र त्या वरातीत कधी गेले नाहीत. "माझी गाडी मी एकटा तयार करतो," असं चारचौघांत सांगायचे. उसनी वस्तू घ्यायची नाही आणि द्यायचीही नाही. सलीम मुजावरनं एकदा पासिंगपुरती स्टेपनी मागितली, तर नानांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की ज्याला स्वतःचं चाक सांभाळता येत नाही त्यानं बैलगाडी हाकावी. सलीम त्या दिवसापासून नानांशी बोलत नव्हता.

या वर्षी पासिंग आलं. घरात नाना एकटेच. मूलबाळ नव्हतं, आणि बायको, सुलाबाई, पावसाळ्यात गेल्या होत्या. मंडळी, एकटेपणाचा अर्थ नीट समजून घ्या. सकाळी चहा करताना नाना अजूनही दोन कप मांडायचे आणि एक परत फडताळात ठेवायचे. दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडायचा तो जीपमध्ये. कुणाच्या म्हशीची गोष्ट, कुणाच्या लग्नाची गोष्ट. गाडी पास झाली नाही, तर तो आवाजही बंद. मग घर आणि नाना. म्हणून पोटापेक्षा मोठी भीती ती होती.

तर आदल्या दिवशी दुपारी नानांनी गाडी अंगणात घेतली. खालचा चिखल खरवडला. ग्रीस भरलं. वायपरची रबरं बदलली. रेडियमच्या पट्ट्या नव्या चिकटवल्या. हेडलाइट पाहिले, हॉर्न पाहिला, इंडिकेटर लावून पुढं गेले, मागं गेले, सगळं ठीक. राहिला ब्रेकचा दिवा.

नानांनी ब्रेक दाबला. उतरले, मागं धावले. दिवा बंद! पुन्हा बसले, दाबला, धावले. बंद!

हसताय ना? बरोबर आहे. पाय पेडलवर असेपर्यंतच तो दिवा पेटतो. पाय उचलला की विझला. दाबणारा पुढं, बघणारा मागं, आणि माणूस तर एकच! बाकीची सगळी गाडी एकटा माणूस तपासू शकतो. हा एक दिवा नाही. पेडलवर दगड ठेवून पाहिला, तो घसरला. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का म्हणून आरशात पाहिलं, तर भिंतीवर टळटळीत ऊन.

मग नाना आठवायला लागले, की गेल्या वर्षी आपण हे कसं केलं? त्याच्या आधीच्या वर्षी?

आणि हात स्टिअरिंगवर तसाच राहिला.

दरवर्षी मागं सुलाबाई उभ्या असायच्या. पिठाचे हात पदराला पुसत यायच्या, डावा लागला, उजवा लागला सांगायच्या आणि तव्यावरची भाकरी करपेल म्हणून परत पळायच्या. नाना वर त्यांनाच म्हणायचे, लवकर येत जा. इतकी वर्षं एक माणूस पाठीशी उभं होतं, आणि हा गडी स्टँडवर सांगत होता, मी एकटा तयार करतो!

तेवढ्यात शेजारच्या भागीरथीकाकू वैरणीचा भारा घेऊन निघाल्या होत्या. त्या थांबल्या.

"नाना, काय बघायचं हाय का?"

काय अडचण होती हो? दोन शब्द. 'बघा जरा.' पण नाना म्हणाले, "काय न्हाई. झालंय सगळं."

काकू गेल्या. नानांनी स्वतःला समजावलं, गेल्या वर्षी लागत होता, म्हणजे आताही लागत असेल. मंडळी, आपण करून बघायचं टाळतो ना, तेव्हा अशीच वाक्यं बोलतो.

दुसऱ्या दिवशी माळावर गाड्यांची रांग. साहेब मागं उभे राहिले, ब्रेक दाबायला सांगितलं. साहेब शांत माणूस. म्हणाले, डावा दिवा लागत नाही, दुरुस्त करून आजचं काम बंद व्हायच्या आत आणलात तर बघतो. आणि जाता जाता सहज विचारलं, "मागं कोण उभं नव्हतं का?"

नानांनी गिअर टाकला.

गाडी बाजूला घेतली. बल्ब बदलला. वायर घासून परत बसवली. पण लागला की नाही, हे कसं कळणार? पुन्हा तेच! नाना रांगेत गेले. पहिल्या गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, ऊन फार आहे. दुसऱ्यापाशी पाणी मागितलं, तहान नसताना. आयुष्यात जे कधी म्हटलं नाही ते जिभेवर येईना. तिसऱ्या गाडीत होता सलीम.

नाना खिडकीपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "सलीम, जरा मागं उभा ऱ्हातोस का माझ्या?"

मंडळी, सलीमला टोमणा मारायचा हक्क होता. बैलगाडीचं नाव काढायला हरकत नव्हती. पण त्यानं नानांचं तोंड बघितलं, खाली उतरला आणि जीपच्या मागं जाऊन उभा राहिला.

नाना सीटवर बसले. पाय ब्रेकवर ठेवला. आणि पाय दाबेना! आरशात मागं एक माणूस उभा दिसत होता. पावसाळ्यापासून तो आरसा रिकामा होता.

"नाना, दाबा की."

"दाबतो. जरा थांब."

आवाज फुटलेला सलीमला ऐकू गेला. तो पुढं आला नाही, काय झालं म्हणून विचारलंही नाही. जागेवरूनच म्हणाला, "थांबलोय. सावकाश होऊ द्या."

गाडी पास झाली. वायर जोडली की दिवा लागतो, त्यात चमत्कार नाही. चमत्कार त्या 'थांबलोय' मध्ये आहे.

आता काका, तुमचं उत्तर काढा. श्रीमंत की गरीब? … बघा, काका टोपी सारखी करायला लागले!

आपणही देवळात असेच येतो. धुऊन, पुसून, गंध लावून. देवा, सगळं माझं मी केलंय, तू फक्त पास म्हण. आणि देव पुढं मूर्तीत आहे असं समजून आपण पुढंच बघत राहतो. अरे, तो कधीचा मागं उभा आहे! कधी भाकरी सोडून आलेल्या बायकोच्या रूपात, कधी वैरणीचा भारा घेतलेल्या काकूंच्या रूपात. आपण त्याला सांगतो, काय न्हाई, झालंय सगळं.

टाळ्या नकोत. तुमच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. ओळखीचं नसेल तर नाव विचारा. आधी ते नाव घ्या. देवाचं नाव मग सगळे मिळून घेऊ. तो थांबलाय.