सुतार पाखराची शेपटी

रुक्मा : वर काय सोनं गावलंय काय रं गुण्या? उतर की आता.

गुणा : उतरतो, आये. दम घेतोय.

रुक्मा : दम घ्यायला पोफळीचा शेंडाच मिळाला तुला? वर बघून बघून माझी मान मोडली.

गुणा : मग बघू नको. घराकडं जा.

रुक्मा : जाते की. ही तुझी कुबडी बी घेऊन जाते. मग ये लंगडत.

गुणा : आये...

रुक्मा : काय?

गुणा : जाऊ नको.

रुक्मा : आवाज असा का येतोय तुझा? खरं सांग, लेकाच्या.

गुणा : उतरता येईना झालंय.

रुक्मा : येईना म्हंजे? चढलास तर खारीसारखा. मी खालनं नजर काढून टाकली तुझी.

गुणा : चढताना ह्या कंबरेच्या लोखंडी शेपटीनं चांगलं काम केलं. हातानं अंग वर उचललं की मागचे दात आपोआप सुटायचे. पाय सरकवायचा, पुन्हा शेपटीवर बसायचं. अगदी त्या सुतार पाखरासारखं.

रुक्मा : मग खाली तसंच कर. उलटं.

गुणा : उलटं होत न्हाई. माझा भार आला की दात झाडात रुततात. ते सोडवायला अंग वर उचलावं लागतं. दर खेपेला वरच जातोय मी, खाली न्हाई.

रुक्मा : आन ते पाखरू कसं येतंय खाली?

गुणा : ते उडून जातंय, आये.

रुक्मा : अरे देवा! वरीसभर कट्ट्यावर बसून त्या पाखराकडं टक लावलास. बायको बोलावती, जेवायचं भान न्हाई. शेपटी कशी टेकतंय, नख्या कशा रोवतंय, समदं बघितलास, आन एवढं न्हाई बघितलास?

गुणा : घरच्या फणसावर चढलो तवा कळलं न्हाई. तिथं डोक्याएवढंच चढलो होतो. शेपटीचा पट्टा सोडला आन उडी टाकली.

रुक्मा : आता टाक उडी! रामनगरच्या गॅरेजातनं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पान उचलून आणलास, लोहाराच्या दारात बसून त्याला दात पाडून घेतलास, तवाच म्हटलं होतं, पाखराला पीस असतंय, लोखंड नसतंय.

गुणा : तू असं काई म्हटली न्हाईस. तूच हेगड्यांच्या अंगणात जाऊन सांगितलीस, माझ्या पोराला एक पाय गेला म्हणून देवानं शेपटी दिलीय, बघायला या.

रुक्मा : सांगितली. सांगणारच. दुसऱ्यानं सांगायची वाट बघत बसू? यंदाची सुपारी तुझ्या हातनं उतरवतो म्हणाले का न्हाई ते?

गुणा : म्हणाले, जेवून येतो. गुणा आपला आपण चढला आन आपला आपण उतरला, तर बागेचं काम त्याचं. न्हाईतर चढायला परशू हाय.

रुक्मा : त्याचं नाव काढू नको माझ्यापुढं.

गुणा : ओढ्याच्या अंगाला तोच बोलतोय. ऐकू येतंय मला.

रुक्मा : बोलू दे. तुझा पाय कापून पट्टी बांधली न्हाई तवर दवाखान्यात आला आन काय मागितला? कोयता. म्हणे, गुणाचा कोयता द्या मावशी, घड पिकून गळायला लागलेत.

गुणा : गळतच होते की, आये. रोग पडला होता.

रुक्मा : तू त्याची बाजू घे. लोंबकळत का हुईना, घे. आन असा हलू नको! झाड हलतंय.

गुणा : मी न्हाई हलत. पाय हलतोय.

रुक्मा : कसा?

गुणा : आपोआप. थरथर थांबतच न्हाई.

रुक्मा : पट्टा घट्ट हाय न्हवं?

गुणा : पट्टा हाय. टायरचा हाय. हातातलं बळ संपत आलंय, आये.

रुक्मा : बोलत ऱ्हा माझ्याशी. पालीसारखं चिकटतो म्हणून हाताला फणसाचा चीक लावलास, आठवतंय? तेल चोळून चोळून बोटं सुटी केली मी.

गुणा : आठवतंय.

रुक्मा : त्याआधी बांबूच्या सालीचं इरलं. खवल्या मांजराच्या पाठीसारखं, एकावर एक. लावणीला तुझी तुळजा वाकली की ते बी वाकायचं. ते झकास होतं, सांगते.

गुणा : बायका हसल्या. तिनं चुलीत घातलं.

रुक्मा : भिजून मेल्या त्याच हसणाऱ्या. तिला अक्कल न्हाई. तिला मी पुन्हा...

गुणा : आये, कोयत्यानं पट्टा कापतो. मिठी मारून घसरत येतो.

रुक्मा : एका पायानं? आतडी बाहेर येतील. हात लावू नको कोयत्याला! गुण्या! ऐकतोयस?

गुणा : परशूला बोलवू नको फकस्त. हेगडे येतील, त्याच्यासंगट मला बघतील, मग संपलं.

रुक्मा : न्हाई बोलवत.

गुणा : वचन दे.

रुक्मा : दिलं. ... परशा! ए परशा! मेलास काय रं तिकडं? धाव हिकडं! दोर घेऊन ये!

परशू : काय झालं मावशी? साप निघाला?

रुक्मा : वर बघ.

परशू : आयला! गुणा, तू? त्या पाट्यासकट?

गुणा : परत जा परशा. माझं मी येतो.

रुक्मा : त्याचं ऐकू नको. उतरता येत न्हाई त्याला. हात सुटायला लागलेत.

परशू : मावशी, मला तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवू देत न्हवता तुम्ही.

रुक्मा : हा माझा उंबरा न्हाई, हेगड्याची पोफळ हाय. चढ.

परशू : त्याच झाडावर खालनं गेलो तर शेपटी आडवी येईल. ह्या शेजारच्या झाडावर चढतो, झोका घेऊन तिकडं जातो. गुणा, मी आलो की झाड एकदा वाकंल. भिऊ नको.

गुणा : मला शिकवतोस? हे झोक्यानं झाडं बदलायचं तुला कुणी शिकवलं?

परशू : तूच. म्हणून तर येतोय. मावशी, दोराचं एक टोक तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. ह्या बुंध्याला वेढा मारा. मी दोर शेंड्यातनं फिरवून गुणाला काखंत बांधतो, पट्टा कापतो. घड खाली सोडता तसं हळूहळू सोडायचं.

रुक्मा : घड किती सोडले मी जन्मात, मला सांगू नको. चढ तू.

गुणा : कापू नको परशा. बक्कल सोड. तेवढा पट्टा तरी...

परशू : बक्कल तुझ्या पोटाखाली अडकलंय. हात पोचत न्हाई. कापतोय. मावशी, धरलं?

रुक्मा : धरलं.

परशू : सोडा!

(थोड्या वेळानं. गुणा बुंध्याला टेकून बसला आहे. लोखंडी शेपटी वर झाडातच रुतलेली.)

रुक्मा : पाणी पी. सांडू नको अंगावर.

गुणा : तुझे हात बघू.

रुक्मा : माझ्या हाताला काय धाड भरलीय? दोरानं जरा चोळवटले.

परशू : ती शेपटी काढून आणू?

गुणा : ऱ्हाऊ दे.

परशू : मी हेगड्यांना सांगतो. गुणा आपला आपण उतरला, मी खालीच होतो. माझा शब्द खरा धरतील ते.

रुक्मा : धरतील. सांगशील?

परशू : सांगतो, मावशी. देवाशपथ.

गुणा : आन मग? उद्या कुठल्या झाडावर चढू? रोज तू दोर घेऊन शेजारच्या झाडावर बसणार?

परशू : पाट्याचे दात जरा वाकवले तर...

गुणा : न्हाई परशा. खाली यायला पाय लागतोय. त्याला काई शोध न्हाई.

रुक्मा : आसं बोलू नको. तुझं डोकं चालतंय. दुसरं काईतरी करशील.

गुणा : करीन.

रुक्मा : करशील न्हवं?

गुणा : करीन म्हटलं की, आये. ... आले बघ हेगडे. बांधावरनं येतायत.

परशू : काय सांगू त्यांना? लवकर बोल.

गुणा : ह्या रांगेतले खालचे घड पिकलेत. वरच्यांना अजून येळ हाय. ओढ्याकडच्या झाडांना रोग दिसतोय, ती तू आधी उतरव.

परशू : हे तू बघितलंस.

गुणा : तू बघितलंस म्हण.