पाचदा धडकलेला खांब

वाहन परवान्याच्या चाचणीच्या रांगेत पुढे नणंद-भावजय बोलत होत्या. मागच्या शिंप्याच्या कानावर सगळं पडत होतं.

"वहिनी, त्या मालिकेत नायकाला रोज तोच दिवस उजाडतो. आठवतं फक्त त्याला, बाकी सगळे कोरे."

"माझंही तसंच की गं! पाचदा नापास झाले, तरी साहेब विचारतात, पहिल्यांदाच आलात का?"

"दर वेळी गाडी मागे घेताना खांबाला धडकतेस."

"नायक सुटला कसा?"

"अजून चार भाग बाकी आहेत."

"मला आजच सुटायचंय. उद्यापासून मुलांना गाडीने शाळेत सोडायचंय."

साहेब बाहेर आले.

"पुढचे कोण? अहो, तुम्ही! खांबाला आजच रंग दिलाय, जरा जपून."

"वहिनी, त्यांना आठवलं!"

"पिशवी धर. आधी गाडीतला आरसा नीट करते."