पुजलेला पाना

ये गं सुशे, अशी जवळ ये. उंबऱ्यात काय बसतीस पाव्हण्यागत, आणि चार महिन्यांनी तोंड दावतीस ते आल्या आल्या वही उघडतीस, आधी माणसाची विचारपूस करावी का न्हाय? चिकोडीला मास्तरीण झालीस आणि शेजारची आक्का इसरलीस. बरं, ऱ्हाऊ दे. वही उघडलीस तर लिही, पण मी बोलते तसंच लिही, शाळेतल्यागत नीटनेटकं करू नको.

माझा जलम निपाणीजवळच्या खेड्यातला. आई-बा दोघंबी तंबाखूच्या वखारीत, आई पानं निवडायची आणि मी तिच्या मांडीवर शिंकत पडायची, ही पोरगी रडायच्या आधी शिंकली असं बा समद्यांस्नी सांगायचा. बाराव्या वर्षी लगीन झालं आणि बेळगावात आले, ह्याच गल्लीत, ह्याच खोलीत. मालक तवा क्यांपात एका साहेबाची मोटार पुसायला हुते, पुसता पुसता तिचं पोट उघडायला शिकले, मग गल्लीच्या तोंडाला पत्र्याचं ग्यारेज टाकलं आणि लोक मिस्तरी म्हणायला लागले. काय सांगू तुला, रस्त्यानं गाडी गेली तर जेवता जेवता सांगायचे, हिचं मागचं चाक रडतंय बघ. आणि खरंच ती गाडी दोन दिसांत ग्यारेजात यायची.

साहेब आपल्या मुलखाला परत गेला तवा एक मोडकी फटफटी ह्यांस्नी देऊन गेला. ती ह्यांनी पोरासारखी उभी केली. त्या वक्ताला दसऱ्याच्या रजेला सांबऱ्याकडच्या माळावर फटफट्यांची शर्यत व्हायची, सात फेऱ्या, वडाच्या झाडाला वळसा, आणि पयल्या येणाऱ्याला चांदीचा पेला. पळवणारे समदे गोरे सोल्जर, आपल्यातले दोघंच, एक आमचे मालक आणि दुसरा निपाणीचा सातगोंडा, तंबाखूच्या व्यापाऱ्याचा डायवर. दोन वर्सं पेला निपाणीला गेला, दोन वर्सं आमच्या फळीवर आला. पाचव्या वर्साला माणसांनी माळ फुटायची येळ आली, निपाणीची माणसं बैलगाड्या भरून आल्ती.

आणि ह्या समोरच्या चहाच्या हॉटेलात काय चालायचं, ते इचारू नको. आत एक काळा फळा हुता, त्याच्यावर खडूनं दोघांची नावं लिहायचे, म्होरं कोण, मागं कोण. कोर्टातले कारकून, वखारीचे हमाल, टांगेवाले, समदे तिथं. सातगोंडा वळणाला अंग टाकतो, तसा मिस्तरी टाकत न्हाय. अरं जा, मिस्तरीची गाडी ऐकून बघ, मांजर घुरघुरल्यागत चालती. तुझं मांजर वडाखाली पडलं तर? पडलं तर मिशी काढीन. एकानंबी जलमात सायकल चालवली नव्हती गं, पण शर्यतीतलं समदं कळायचं. मी दारात बसून फळ्याकडं बघायची, ह्यांच्या नावावरनं अक्षरं वळखायला शिकले. माझी शाळा तीच.

आता लिही, ह्याच्या म्होरलं लई वर्सं कुणाला सांगितलं नव्हतं.

खंडेनवमीला हत्याराची पूजा असती, तुला ठावं हाय. त्या वर्सीबी ग्यारेजातले समदे पाने, पकडी, हातोडे मी धुऊन पाटावर मांडले, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. आमच्या माहेरची रीत अशी, की पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिशी सांजच्याला सोनं लुटून आल्याबिगर उचलायचं न्हाय. दसऱ्याच्या सकाळी, शर्यतीच्या दिशी, मालक आंघूळ करून आले आणि पाटाजवळ वाकले. मी म्हणलं, काय करताय? म्हणले, मागच्या चाकाची साखळी काल ताणली, त्याचा नट एक आटा आवळायचा ऱ्हायलाय, मोठा पाना दे. मी आडवी आले. पुजलेला पाना उठवता? आजच्या दिशी? ते हसले, म्हणले, अगं, फटफटीबी पुजलीयास की, ती उठती मग पाना का न्हाय? मी म्हणलं, फटफटी देवाचं घोडं हाय, ती पळायचीच, पाना हत्यार हाय. तुमास्नी काय झालं तर मी कुणाकडं बघू? व्हय, असंच म्हणले मी, काय झालं तर. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि हातानं नट आवळला, फडकं गुंडाळून. म्हणले, बरं, चल, तुझं मन मोडत न्हाय.

दुसरा पाना मागायचा तर कुणाकडं, सांग? गल्लीतली समदी हत्यारं पाटावर, खानसाबाच्या ग्यारेजातबी झेंडू. माळावर सोल्जरांकडं पाने हुते, पण कारण सांगावं लागलं असतं, बायकूनं दिला न्हाय म्हणून.

मी बायकांच्यात उभी हुते. सहाव्या फेरीला मालक म्होरं, सातगोंडा मागं दोन हातावर. वडाच्या वळणाला मागचं चाक तिरपं झालेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलं, मग धुरळा, आणि धुरळ्यातनं सातगोंडा एकटा भाईर आला. मांडीचं हाड दोन जाग्याला मोडलं. चार म्हयने खाटेवर, त्याच्या म्होरं काठी. फटफटीवर पुन्यांदा पाय टाकला न्हाय.

आणि हॉटेलातली माणसं? ती वर्सभर ते एकच वळण घोळवत बसली. मिस्तरी भ्याला. मागं सातगोंड्याचा आवाज आला आणि ह्याचं पाणी झालं. अरं, भ्याला न्हाय, हरायची लाज वाटली म्हणून आपणच पडला. पडून पाय मोडून घेईल व्हय कोण? अंदाज चुकला असंल. असं म्हणायचे आणि हसायचे, आणि मालक हितं खिडकीत बसून कार्बुरेटर पुसायचे. फळ्यावर त्यांच्या नावाम्होरं कुणीतरी ‘भित्रा’ लिहिलं. मला वाचाय येत हुतं. नसतं आलं तर बरं झालं असतं.

सातगोंडा पेला घेऊन ह्यांस्नी बघायला आल्ता, माणूस लई सरळ. हॉटेलात उभा ऱ्हाऊन म्हणला, मिस्तरी भिणारा न्हाय, मी मागनं बघितलंय, त्याचं चाक हाललं. तर हॉटेलातली म्हणत्यात, जिंकलेला माणूस गोड बोलणारच की.

मी मालकांस्नी म्हणलं, मी जाऊन सांगते, चूक माझी हाय. तवा एकदाच आवाज चढवला त्यांनी. म्हणले, तू तोंड उघडायचं न्हाय. मिस्तरी नट न आवळता माळावर गेला, हे कळलं तर कोण गाडी आणंल माझ्याकडं? भित्रा म्हणू देत, भित्र्याकडं गाड्या येत्यात. आता मला सांग सुशे, त्यांनी ते धंद्यासाठी पोटात ठेवलं का माझ्यासाठी? मी लई रात्री ह्याचा इचार केलाय. इचारायला पायजे हुतं, इचारलं न्हाय. भ्याले मी. घरात भित्रं माणूस कोण हुतं, ते मला ठावं.

गेल्या साली मालक गेले. तेराव्याचे पाव्हणे पांगले, आणि दुसऱ्या दिशी समोरनं आवाज आला, वडाच्या वळणाला भ्याला तोच का रं मिस्तरी? माझं डोस्कं फिरलं. पदर खोचला आणि जलमात पयल्यांदा त्या हॉटेलाची पायरी चढले. मी उभ्यानं समदं सांगितलं, पूजा, पाना, नट, समदं. मी नट आवळू दिला न्हाय, मी पाडलं त्यांस्नी, म्हणलं.

एक म्हातारा कारकून चष्मा काढून म्हणाला, आक्का, नवरा गेल्यावर बायकू असंच बोलती, आमी मनावर घेत न्हाय. आणि पलीकडचा टांगेवाला म्हणाला, पण आण्णा, हातानं आवळलेला नट सहा फेऱ्या कसा टिकंल? दुसऱ्या फेरीलाच सुटंल. छ्या, टिकतो की, फडक्यानं आवळलेला दहाबी टिकंल. दहा? तू नट बघितलायस का कधी? झालं. मला कुणी बस म्हणलं न्हाय, जा म्हणलं न्हाय, शिवी दिली न्हाय. नटावरच भांडाय लागले. पोऱ्यानं चहा ठेवत ठेवत मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, आणि मी घरी आले.

आता समदे गोरे साहेब देश सोडून चालले, म्हणत्यात. माळावर इमानं उतरत्यात, वड तोडला. हॉटेलात अजून नट सुटतोय रोज, कुणी दुसऱ्या फेरीला सोडतंय, कुणी सहाव्या. शिक्षा व्हायला पायजे हुती मला गं, तीबी कुणी दिली न्हाय. देवानं तुला चांगला घरधनी द्यावा, आणि त्यानं कधी काय मागितलं तर आधी दे, मग भांड.

वही मिट आता, बस चुकंल. आणि चार म्हयने लावू नको हं, येत्या अमुशेच्या आत ये, रिकाम्या हातानं आलीस तरी चालंल. ह्या घरात आता माझं ऐकून घेणारं कुणी न्हाय.